खण एकोणीसमधलं नाणं

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास प्राध्यापकांनी ते नाणं काट्यावर ठेवलं, चष्मा कपाळावर सरकवून आकडा वाचला, नाणं उचललं, पुन्हा ठेवलं आणि पुन्हा वाचला. मग ते रुमालावर ठेवून खिडकीबाहेर बघत बसले. मी समोर कॅमेऱ्याचा स्टँड लावत होतो. मला वाटलं, डोळ्यांना विसावा देतायत.

"बाई," ते म्हणाले, "तुमच्या नोंदवहीत या नाण्याचं वजन किती आहे?"

नाणेबाईंना वही उघडावी लागली नाही. "नऊ ग्रॅम बत्तीस."

"इथे दहा शून्य चार येतंय. काटा बिघडला असेल का?"

बाईंनी कपाटातून पितळी वजनं काढली आणि एकेक ठेवून काटा तपासला. काटा ठणठणीत होता.

"तांबं झिजून हलकं होतं, बाई," प्राध्यापक फार हळू आवाजात म्हणाले. "कपाटात बसून जड होत नाही."

बाईंचा हात वजनांच्या पेटीवर तसाच राहिला. मला त्या वीस-बावीस वर्षं ओळखीच्या. त्यांचा चेहरा असा पांढरा पडलेला मी त्याआधी एकदाच पाहिला होता.

त्यांना सगळं संग्रहालय नाणेबाई म्हणायचं. मूळ नाव पगाराच्या दिवशी तेवढं ऐकू यायचं. बाविसाव्या वर्षी त्या इथे टंकलेखक म्हणून लागल्या, नाण्यांखालच्या चिठ्ठ्या टाइप करायला. दुसऱ्याच महिन्यात त्यांनी एका चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहिलं, 'हे नाणं आणि वरच्या ओळीतलं सातवं एकाच ठशाचं वाटतं, पण दोघांखाली वेगवेगळे राजे आहेत.' तेव्हाचे नाणे-विभागाचे प्रमुख, ज्यांना आम्ही मोठे सर म्हणायचो, ती चिठ्ठी हातात घेऊन जिना चढून वर आले. पोरीला आता नोकरीवरून काढणार, असं सगळ्यांना वाटलं. सरांनी खुर्ची ओढली, भिंग तिच्या हातात दिलं आणि म्हणाले, "दाखव."

तिथून पुढे सर निवृत्त होईपर्यंत चौदा वर्षं बाई त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसल्या. पदवी नाही, कागद नाही, पण नाणं हातात आलं की त्यांची बोटं आपोआप त्याची कड धरायची. सरांची शिकवण होती, आधी कड बघायची, तोंड नंतर. "खोटं करणारा सगळा जीव नाण्याच्या तोंडावर ओततो," सर म्हणायचे, "कडेपर्यंत पोचेस्तोवर त्याला कंटाळा आलेला असतो." ओतीव नाणं असेल तर कडेला साच्याची रेघ राहते आणि अंगावर देवीच्या व्रणांसारखी बारीक भोकं दिसतात. हातोड्याखाली ठोकलेलं असेल तर धातू बाहेरच्या बाजूला ताणलेला दिसतो. बाई हे सगळं एखाद्या बाळाचे दात मोजावेत तसं सहज बघायच्या. नाण्याच्या स्थितीबद्दल त्यांचे शब्दही स्वतःचे होते. कोरं, घरंदाज, थकलेलं, आणि सगळ्यात वाईट ते 'आंघोळ घातलेलं', म्हणजे कुणी चिंचेनं नाहीतर लिंबानं घासून चकचकीत केलेलं.

महिन्यातून चार-दोन माणसं घरात सापडलेली नाणी पुरचुंडीत बांधून घेऊन यायची. एकदा एक गृहस्थ हजार वर्षांपूर्वीचं म्हणून एक नाणं घेऊन आले. बाईंनी ते उलटसुलट केलं आणि गंभीरपणे म्हणाल्या, "जपून ठेवा. पण हे तुमच्या आजोबांपेक्षा वयानं लहान आहे." गृहस्थ आधी रागावले आणि मग इतके हसले, की पुढे दर वर्षी नुसतं भेटायला यायचे.

तर मंगळवारचं ते नाणं. खण एकोणीस. अंगठ्याच्या पेराएवढं तांब्याचं नाणं, एका बाजूला अर्धा उगवलेला सूर्य, दुसऱ्या बाजूला तीन ओळी. जगात अशी तीनच माहीत होती आणि त्यातल्या दोघांची तिसरी ओळ पार पुसलेली. आमच्या नाण्यावरची ओळ तेवढी शाबूत. ती एक ओळ वाचायला प्राध्यापक दोन दिवसांचा प्रवास करून आले होते.

अर्ध्या तासात संचालिका मॅडम वर आल्या. त्यांना येऊन तीनच वर्षं झाली होती. मॅडम तशा वाईट नव्हत्या, पण त्यांना प्रत्येक गोष्टीचा कागद लागायचा.

"या कपाटाच्या चाव्या किती?"

"दोन," बाई म्हणाल्या. "एक माझ्याकडे, एक तुमच्या तिजोरीत."

"माझी तिजोरी मी रुजू झाल्यापासून उघडलेली नाही. लाखेचं सील तसंच आहे."

 

"मी कुणावर आरोप करत नाहीये," मॅडम म्हणाल्या, आणि हे वाक्य कुणी म्हटलं की समजायचं, आरोप झाला. "पण शुक्रवारी विश्वस्तांची बैठक आहे. तोपर्यंत उलगडा झाला नाही तर मला पोलिसांत जावं लागेल. आणि आजपासून तुम्ही या खोलीत एकट्या थांबायचं नाही. चावी द्या."

बाईंनी कमरेची चावी सोडली. गाठ घट्ट बसली होती, सुटायला वेळ लागला. तेवढा वेळ आम्ही सगळे जमिनीकडे बघत होतो.

"एक मागू?" चावी देताना बाई म्हणाल्या. "ते नाणं मला तुमच्यासमोर दहा मिनिटं बघू द्या. वजन बदललंय एवढंच आपल्याला कळलंय. हे काय आहे ते कुठे कळलंय?"

मॅडमनी प्राध्यापकांकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली.

बाईंनी भिंग लावलं. या वेळी तोंडाकडे त्यांनी पाहिलंच नाही. कड दिव्याखाली धरून नाणं हळूहळू फिरवत नेलं. मग टेबलाच्या लाकडावर दोन बोटांच्या उंचीवरून अलगद सोडलं. आवाज आला तो बद्द, ओल्या पुठ्ठ्यावर खडा पडावा तसा. मग एका टोकदार काडीनं त्यांनी कडेवरचा रंग जेमतेम खरवडला. खाली केसासारखी रेघ होती, पूर्ण गोल फिरलेली.

"हे कुणी चोरानं बनवलेलं नाही," त्या म्हणाल्या. आवाजात पहिल्यांदा जरा जीव आला होता. "ही विजेवर चढवलेली प्रतिकृती आहे. खऱ्या नाण्याचा मेणात ठसा घेतात, त्यावर तांब्याचा पातळ थर चढवतात. दोन्ही बाजूंची दोन टरफलं होतात, ती आत शिसं भरून जोडतात. शिशामुळे जड. असल्या प्रतिकृती आपल्याच कार्यशाळेत बनायच्या, माझ्या जन्माच्या आधी. मोठ्या सरांच्या यादीत आहेत."

"म्हणजे चोरानं आपलीच प्रतिकृती खणात ठेवली?" मॅडमनी विचारलं.

"यादी बघते. या नाण्याच्या किती बनवल्या आणि कुठे गेल्या, ते त्यात असेल."

यादी म्हणजे एक पिवळं पडलेलं बाड होतं. बाई पानं उलटत गेल्या. एका पानावर बोट थांबलं आणि थांबूनच राहिलं. मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं. 'अर्धसूर्य, तांबे. प्रती १.' आणि पुढे बाईंच्याच अक्षरात, वेगळ्या शाईनं, आठ वर्षांपूर्वीची तारीख घालून लिहिलेलं, 'तळमजला दालन, पेटी ३ मध्ये लावली.'

"काय आहे?" मॅडम म्हणाल्या.

"एकच प्रत होती," बाई म्हणाल्या. "मला... उद्या सांगते. मला जरा आठवू दे."

मॅडमच्या कपाळावर आठी पडली. मला मात्र तेवढ्यात सगळं आठवलं होतं.

संध्याकाळी मी बाईंना घरी सोडायला गेलो. रस्ता ओलांडताना त्या दोनदा गाडीसमोर जाता जाता राहिल्या. घर म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत त्यांचे यजमान पाट्या रंगवायचे. त्या दिवशी एका दवाखान्याची पाटी भिंतीला टेकवलेली होती, 'डॉक्टर' झालं होतं, नाव व्हायचं होतं. त्यांचा डावा पाय गुडघ्यातून वाकत नाही. आठ वर्षांपूर्वी दुकानाची पाटी लावताना ते परांचीवरून खाली आले, तीन मजले. अकरा दिवस बेशुद्ध होते.

बाई स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "ज्या दिवशी तुम्ही पडलात ना, त्या दिवशी मी खरं नाणं दालनात चिकटवलं."

यजमानांनी ब्रश पाण्यात ठेवला.

घडलं होतं ते असं. तळमजल्यावरच्या नव्या दालनात प्रतिकृतींचा एक फलक लावायचा होता. अर्धसूर्याची प्रतिकृती जुनी, जागोजागी लकाकी आलेली. तिला खऱ्यासारखी काळसर झाक द्यायची म्हणून बाईंनी खरं नाणं शेजारी ठेवलं आणि सकाळभर बसून प्रतिकृती रंगवली. रंग इतका जुळला की स्वतःवर खूश होऊन त्यांनी मला हाक मारली होती. म्हणाल्या होत्या, "फोटोवाले, ओळखा बघू." मला ओळखता आलं नाही. तेवढ्यात खालून निरोप आला, यजमान पडले, रुग्णालयात नेलंय. तेव्हा तो चेहरा पांढरा झाला होता. फलक बसवायला सुतार दारात उभा. बाईंनी रुमालावरचं एक नाणं उचललं, चिकटवलं, फलक त्याच्या हातात दिला आणि धावत सुटल्या.

जाताना वळून त्यांनी मला सांगितलं, "ते दुसरं एकोणीसमध्ये ठेवा हो."

मी ठेवलं. कड बघितली नाही. मला कुठे येत होती कड बघायला.

हे शेवटचं बाईंनी घरी सांगितलं नाही. 'मी घाईत खण बंद केला,' एवढंच म्हणाल्या. मी तिथेच बसलो होतो. माझ्या हातात चहाचा कप होता. मी तोंड उघडलं नाही.

आतल्या खोलीतून त्यांची नणंद बाहेर आली. ती याच घरात राहायची, शिवणकाम करायची, आणि तिची जीभ तिच्या कात्रीपेक्षा जास्त चालायची.

"अगं वहिनी, मग रडतेस काय? नाणं गेलेलं नाही, घरातच आहे. उद्या सकाळी लवकर जा, पेटी उघड, हे काढ, ते लाव. कुणाला कळतंय? प्रतिकृती खाली, खरं वर. सगळे जिथल्या तिथे."

"कपाटाची चावी काढून घेतलीय त्यांनी."

"मग हे आपले फोटोवाले आहेत की! फोटोच्या निमित्तानं खोली उघडून घेतील."

तिघांनीही माझ्याकडे पाहिलं. खरं सांगायचं तर मला ते पटलं होतं. माझी चूकही त्यात परस्पर धुऊन निघाली असती. मी म्हणालो, "जमेल."

बाई बराच वेळ पाटीवरच्या 'डॉक्टर' या शब्दाकडे बघत राहिल्या. मग नवऱ्याला म्हणाल्या, "तुम्ही काय म्हणता?"

"मी काय म्हणणार," ते म्हणाले. "माझ्यामुळे झालं."

"तुमच्यामुळे कसं? तुम्ही काय हौसेनं उडी मारली होती?" बाई एकदम उसळल्या. मग शांत झाल्या. "वन्सं, वजन प्राध्यापकांनी लिहून घेतलंय. उद्या खणात नऊ बत्तीसचं नाणं निघालं, तर ते विचारतील, काल हे कुठे होतं? मग मी काय सांगू, फिरायला गेलं होतं?"

"सांग काट्याची चूक."

"काटा माझ्यासमोर तपासलाय." आणि मग त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "शिवाय अजून मी ते पाहिलेलं नाही. पेटीतलं नाणं खरं आहे हे मला वाटतंय. वाटणं आणि बघणं यात फरक आहे. मधल्या आठ वर्षांत तिथून ते कुणी काढून नेलं असेल तर?"

हे कुणाच्या डोक्यात आलंच नव्हतं. 

बुधवारी सकाळी नऊ वाजता बाई मॅडमच्या दारात उभ्या होत्या. जे झालं असावं ते त्यांनी सरळ सांगितलं. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं.

"फार सोयीची गोष्ट आहे," त्या म्हणाल्या.

"माझ्या सोयीची कशी? माझी नोकरी यात जाऊ शकते."

"चोरीपेक्षा निष्काळजीपणा सोयीचा," मॅडम म्हणाल्या. "उघडूया पेटी. सगळ्यांसमोर."

पेटी तीन दालनाच्या टोकाला, मागच्या भिंतीला लागून होती. त्या भिंतीत पाणी मुरत होतं हे सगळ्यांना माहीत होतं, तक्रारींचे अर्ज कुठल्यातरी फायलीत पडून होते. काचेवर शाळेच्या मुलांच्या नाकांचे ठसे. आत फलक, त्यावर बारा नाणी आणि खाली ठळक अक्षरांत 'प्रतिकृती'. आठ वर्षं शेकडो लोकांनी ते खरं नाणं खोटं म्हणून पाहिलं होतं. पाहिलं असलं तर.

स्क्रू गंजले होते. रखवालदारानं तेल सोडून एकेक काढला. फलक टेबलावर आला. प्राध्यापक वाकले.

"तोंडावरून सांगता येणार नाही," बाई आधीच म्हणाल्या. "प्रतिकृती याच नाण्याच्या ठशावरून घेतलीय. ओरखडेसुद्धा तेच असणार. फोटोचाही उपयोग नाही. कडच बघावी लागेल."

आणि कड तर दिसत नव्हती. नाणं फळीतल्या खोबणीत निम्मं रुतवून चिकटवलेलं होतं. त्याच्याभोवती फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी जमली होती. ती पाहून आमच्या प्रयोगशाळेतले गृहस्थ, ज्यांना सगळे औषधवाले म्हणायचे, त्यांनी जीभ चावली.

"बाई, हा जिवंत गंज आहे. ओलीमुळे. आत कुठवर गेलाय कुणास ठाऊक. जोर लावला तर पापुद्रा फळीवर राहील आणि उरलेलं हातात येईल."

"जोर लावायचाच नाही."

पुढचा दीड तास मी कधी विसरणार नाही. औषधवाले कापसाच्या बारीक बोळ्यानं डिंकावर द्रव सोडत होते. बाई बांबूच्या चपट्या काडीनं, श्वास रोखून, एकेक केसभर जागा मोकळी करत होत्या. मॅडम हाताची घडी घालून उभ्या. प्राध्यापकांनी कोट काढला, पुन्हा घातला. एकदा 'टक्' असा बारीक आवाज आला आणि सगळ्यांची मान पुढे गेली. बाईंनी डोळे मिटले, उघडले, आणि म्हणाल्या, "डिंक तुटला. नाणं नाही."

साडेअकराला ते सुटलं.

औषधवाल्यांनी सैल भुकटी मऊ ब्रशनं झटकली आणि नाणं काट्यावर ठेवलं. मी आकडा मोठ्यानं वाचला. "नऊ ग्रॅम अकरा."

"मग हेही ते नाही," मॅडम म्हणाल्या. "नोंद नऊ बत्तीसची आहे."

बाईंनी फलकाकडे बोट दाखवलं. खोबणीत हिरवं कडं चिकटून राहिलं होतं, त्यात सुटलेले पापुद्रे. "बाकीचं तिथे आहे."

"हा अंदाज झाला, बाई."

"बरोबर," बाई म्हणाल्या. "प्राध्यापकसाहेब, सरांची नोंदवही तुमच्याकडे ठेवा. एकोणीसचं पान काढा, पण मला दाखवू नका. मी ते पान वीस वर्षांत उघडलेलं नाही, वजन तेवढं तोंडपाठ आहे. मी कड बघून सांगते. तुम्ही ताडून बघा."

प्राध्यापकांनी वही उघडली आणि छातीशी धरली. बाईंनी दिवा जवळ ओढला. नाणं फिरू लागलं. त्यांनी मनगट टेबलाला टेकवलं.

"सांध्याची रेघ नाही," त्या म्हणाल्या. "सूर्य वर धरला तर उजव्या हाताला, घड्याळात चार असतात तिथे, कातरीचा तिरका वळ आहे. तांब्याची पट्टी कातरताना पडलेला. वळाच्या खालच्या अंगाला धातू थोडा बाहेर सांडलाय."

प्राध्यापकांनी पान वाचलं. "वळ आहे. जागा तीच आहे." मग ते थांबले. "पण सरांनी आणखी एक खूण लिहिलीय. तुम्ही ती सांगितली नाहीत."

 मॅडमनी हाताची घडी सोडली.

बाईंनी पुन्हा नाणं फिरवलं. एक फेरा. दुसरा. डाव्या बाजूला हिरव्या भुकटीची खपली धरली होती, तिथे त्या थांबल्या. काडीचं टोक ओलं करून त्यांनी ती खपली अगदी हलक्या हातानं सैल केली, फुंकर मारली, पुन्हा केली. माझ्या कपाळावरचा घाम भुवईत उतरला, पण पुसायला हात उचलवेना.

"चीर," बाई म्हणाल्या. "कडेपासून आत गेलेली. ठोकताना तांबं थंड झालं असणार. तांदळाच्या दाण्याच्या निम्मी."

"'डाव्या कडेस चीर, अर्ध्या तांदळाएवढी,'" प्राध्यापकांनी वाचलं आणि वही मिटली. "हेच ते."

मला वाटलं, आता सगळे सुटकेचा श्वास टाकतील. बाईंनी मात्र नाणं उलटं केलं.

मागची बाजू फळीला लागून होती. पहिली ओळ होती. दुसरी होती. तिसरीची सुरुवात होती आणि शेवटची दोन अक्षरं जिथे असायला हवीत तिथे दोन हिरवे खड्डे होते. प्राध्यापकांनी भिंग घेतलं, बराच वेळ पाहिलं, आणि भिंग परत दिलं.

"माफ करा," बाई म्हणाल्या.

प्राध्यापक दालनाच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले.

स्थितीची नवी चिठ्ठी त्याच दुपारी बाईंनीच लिहिली. मॅडम म्हणत होत्या, हे काम दुसऱ्या कुणी करावं, पण ते येणारा दुसरा माणूस इमारतीत नव्हता. जुन्या चिठ्ठीवर सर असतानाच्या काळात बाईंनीच लिहिलेलं होतं, 'उत्तम. तिन्ही ओळी पूर्ण.' नवीवर त्यांनी लिहिलं, 'अस्सल. पुढील बाजू चांगली. मागील बाजूस जिवंत गंज, तिसऱ्या ओळीची शेवटची दोन अक्षरे नष्ट. वजनात एकवीस शतांश ग्रॅमची घट. कारण, ओलसर फळीवर आठ वर्षे चिकटवलेले.' कुणी चिकटवलं तेही खाली लिहिलं आणि सही केली.

प्रतिकृतीवर ती दोन अक्षरं मेणाच्या ठशातच बुजलेली होती, म्हणून मी माझ्या खोलीत जाऊन जुन्या निगेटिव्हचे डबे उपसले. खूप पूर्वी, मी नवीन असताना, सरांनी सगळ्या नाण्यांचे फोटो काढून घेतले होते. एकोणीसच्या मागच्या बाजूची काचेवरची एक निगेटिव्ह सापडली. गुरुवारी दिवसभर प्राध्यापक ती उजेडावर धरून बसले. उपान्त्य अक्षर स्वच्छ लागलं. शेवटच्या अक्षरावर तेव्हाच्या दिव्याची चकाकी आलेली, ते लागलं नाही. आजही त्यावर दोन मतं आहेत.

शुक्रवारच्या बैठकीत पोलिसांचा विषय निघाला नाही. बाईंना लेखी ताकीद मिळाली आणि त्यांची बदली मातीच्या भांड्यांच्या कोठारात झाली. नाण्यांची चावी नव्यानं नेमलेल्या एका तरुण मुलीकडे गेली. जाण्याआधी तीन आठवडे मात्र मॅडमनी बाईंना औषधवाल्यांबरोबर त्या नाण्यावर काम करू दिलं. रोज सकाळी डबी उघडून बघायचं, भुकटी पुन्हा धरलीय का. सोळाव्या दिवशी धरली नाही. सतराव्या दिवशीही नाही. बाई तेव्हा जेवायला बसल्या असताना औषधवाले सांगायला आले, तर त्या डबा तसाच टाकून उठल्या.

ताकीद निघाल्यानंतर चौथ्या आठवड्यात मी मॅडमकडे गेलो आणि एकोणीसमध्ये प्रतिकृती मी ठेवली होती, हे सांगितलं. फार उशीर केला होता, ते मलाही कळत होतं. मॅडम म्हणाल्या, "फाइल बंद झालीय. आणि त्यांच्या जबाबात तुमचा उल्लेखच नाही."

मी तडक कोठारात गेलो. बाई मडक्यांची खापरं मोजत बसल्या होत्या.

"का नाही सांगितलंत?"

"काय सांगायचं होतं?" त्या वैतागून म्हणाल्या. "ओळखायचं काम माझं होतं. मीच तुम्हाला सांगितलं, ठेवा म्हणून. तुम्ही ठेवलंत. उद्या शिपायाला मी चुकीचं पाकीट दिलं तर काय पोस्टात टाकल्याबद्दल त्याला ओरडायचं?"

"मी त्या संध्याकाळी तुमच्या घरी गप्प बसलो."

"ते मात्र वाईट केलंत," बाई म्हणाल्या आणि परत खापरं मोजू लागल्या. जरा वेळानं, मान वर न करता, "छत्तीस की सदतीस झाली हो? तुमच्यामुळे विसरले."

आम्ही दोघांनी मिळून पुन्हा पहिल्यापासून मोजली.

त्या कोठारात त्यांनी पाच वर्षं काढली. नवी मुलगी सुरुवातीला संकोचून, मग बिनधास्त, नाणी घेऊन खाली यायची. बाई तिला आधी हात धुवायला लावायच्या.

दीड वर्षानं प्राध्यापकांचा लेख छापून आला. त्यांनी एक प्रत बाईंना पाठवली. त्यात लिहिलं होतं, की हे नाणं काही काळ हरवलं होतं आणि संग्रहालयातल्याच एका अनुभवी पारखी महिलेनं ते अचूक ओळखून शोधून काढलं. यजमानांनी ते पान कापून भिंतीवर लावलं. नणंद दारी येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते दाखवायची. बाईंनी त्याच आठवड्यात प्राध्यापकांना पत्र टाकलं, की मजकूर अपुरा आहे, हरवलंही त्याच महिलेनं होतं, पुढे कुठे छापलं तर कृपया तेवढं घालावं.

लेख पुस्तकात आला तेव्हा तळटीपेत ते घातलेलं होतं. बाईंनी मला ग्रंथालयात बोलावून ती तळटीप दाखवली. मी दोनदा वाचली आणि विचारलं, "आणि माझं?"

"तुमचं काय?" बाई म्हणाल्या. "तळटीपेत जागा किती असते, फोटोवाले."